जहाज थांबत नाही : बंदरातल्या पायी सफरीचं नियोजन (इयत्ता सातवी, भूगोल-गणित उपक्रम)



वेळ, वेग, अंतर ही गणितं मुलं वहीत अचूक सोडवतात. पण "घरातून किती वाजता निघायचं?" असं विचारलं की गोंधळतात. त्यासाठी यंदा हा उपक्रम घेतला.

प्रसंग : एक कुटुंब क्रूझने मुंबईला येतंय. आई, बाबा, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांची आजी. जहाज सकाळी ८ ला बॅलार्ड पिअरला लागणार, संध्याकाळी ५ ला सुटणार. गाइड नाही, गाडी नाही. त्यांच्यासाठी पायी सफर आखा.

साहित्य : दक्षिण मुंबईचा नकाशा, दोरा, पट्टी, घड्याळ.

पायरी १ : हातात वेळ किती?

"नऊ तास!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मग फळ्यावर उलटीकडून मोजायला लागलो. जहाज ५ ला सुटतं, पण प्रवाशांना त्याआधीच परत बोलावतात. आपण ४ धरू. एक तास राखीव, म्हणजे बंदराच्या गेटवर ३ ला हजर. सकाळी उतरणं, तपासणी, गेटपर्यंत येणं यात ९:३० होतील. उरले साडेपाच तास. जेवणाचा एक तास वजा केला, की राहिले साडेचार, म्हणजे २७० मिनिटं.

इथे एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही.

पायरी २ : काय बघायचं, काय सोडायचं?

मुलांनी ११ ठिकाणं काढली. प्रत्येकी २५ मिनिटं धरली तर २७५ मिनिटं झाली. चालायला वेळच नाही! खरा धडा इथे सुरू झाला.

दोरा नकाशावर ठेवून मोजलं तर जाऊन-येऊन साधारण ५ किलोमीटर. वेग कुणाचा धरायचा? बाबांचा नाही, आजीचा. ताशी ३ किलोमीटर म्हणजे १०० मिनिटं. उरली १७०. त्यात सहा ठिकाणं (१५० मिनिटं) आणि पाणी, स्वच्छतागृह, रस्ता ओलांडणं यांना २० मिनिटं.

मुलांनी ठरवलेला मार्ग :

१. बॅलार्ड इस्टेट : गोदी खोदताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून केलेली जमीन. इमारती १९१४ ते १९१८ या काळातल्या.
२. हॉर्निमन सर्कल आणि टाउन हॉल : टाउन हॉल १८३३ चा. आज तिथे एशियाटिक सोसायटी आहे.
३. सेंट थॉमस कॅथेड्रल : १७१८ चं.
४. हुतात्मा चौक : १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक.
५. काळा घोडा : वस्तुसंग्रहालयाची इमारत बाहेरूनच.
६. गेटवे ऑफ इंडिया : १९२४ मध्ये खुलं झालं. शेवटची ब्रिटिश पलटण फेब्रुवारी १९४८ मध्ये इथूनच गेली.

सीएसएमटी गाळल्यावर वर्गात चक्क भांडण झालं. "मॅडम, ते तर जागतिक वारसा आहे!" बरोबर आहे. पण ते वाटेवर नाही, उत्तरेला वाकडी वाट करावी लागते. चांगली गोष्टही सोडावी लागते, हे मुलांना पुस्तकातून शिकवता आलं नसतं.

पायरी ३ : परतीची खूण

सगळ्यात लांबचं ठिकाण गेटवे. तिथून बॅलार्ड पिअर साधारण २ किलोमीटर, आजीच्या चालीने ४० मिनिटं. म्हणून २:१५ ला गेटवे सोडायचं, समोर कितीही छान दिसत असलं तरी. ही वेळ मुलांनी कागदावर लाल पेनने लिहिली.

प्रत्यक्ष चाललो तेव्हा

एका रविवारी पालकांसह निघालो. हुतात्मा चौकात उसाच्या रसावर वेळ गेला, गेटवेला फोटोंवर गेला. २:४५ ला निघालो. पाय दुखत होते, गेटवर पोचलो ३:३५ ला. सगळे हिरमुसले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, तो राखीव तास यासाठीच ठेवला होता ना?" तिच्या आईने माझ्याकडे बघितलं आणि हसली. मला माझा निकाल मिळाला!

पालकांसाठी : खरंच जाणार असाल तर जहाजाचं घड्याळ आणि गावचं घड्याळ एकच आहे का, ते उतरतानाच विचारा. बंदरातल्या एजंटचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

स्वाध्याय :
१. "रोम" म्हणून जहाज चिविटावेक्कियाला थांबतं. तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. पायी सफर रोममध्ये आखाल की बंदराच्या गावातच? कारण लिहा.
२. कोचीत जहाज विलिंग्डन बेटाला लागतं, फोर्ट कोची पाण्यापलीकडे. नियोजनात कोणता वेळ वाढेल?
३. आपल्या गावात तीन तासांसाठी आलेल्या पाहुण्यांची सफर आखा. सुरुवात परतीच्या वेळेपासून करा.

आपल्या वर्गात करून बघा आणि मुलांनी काय गाळलं ते जरूर कळवा.