'गिव्ह अप' म्हणजे काय?



आमच्या वर्गांतील एका मुलानें एकदां रजेच्या अर्जांत लिहिलें, "द डॉक्टर हॅज गिव्हन अप माय ब्रदर." तें वाचून मी चरकलों. शाळा सुटतांच त्याचें घर गांठलें, तों भाऊ ओट्यावर बसून ज्वारीची भाकर खात होता! डॉक्टरांनीं त्यास यवतमाळच्या दवाखान्यांतून 'सोडून दिलें', एवढेंच मुलास सांगावयाचें होतें. परंतु त्याच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ 'डॉक्टरांनीं भावाची आशा सोडली' असा होतो.

चूक झाली खरी, तरी ती मूर्खपणाची नव्हती. 'सोडून देणें' यांत 'देणें' हें दान दाखवीत नाहीं, क्रिया पुरती झाल्याचें दाखवितें. अशांस आपण संयुक्त क्रियापदें म्हणतों. इंग्रजींत असेंच काम 'अप' सारखा लहान शब्द करितो. म्हणून दोन शब्दांचे अर्थ निरनिराळे जोडूं नयेत. 'गिव्ह अप' हा एकच शब्द समजून कोशांत पाहावा. मोल्स्वर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून हें साधन आपणांस लाभलें आहे.

आतां उपयोग पाहा.

(१) संवय सोडणें: "ही गेव्ह अप स्मोकिंग." येथें 'टु स्मोक' लिहिणें अशुद्ध होय.

(२) आपली वस्तु दुसऱ्यासाठीं सोडणें: "शी गेव्ह अप हर सीट टु ॲन ओल्ड मॅन."

(३) कर्म नसल्यास हार खाणें: "आय गिव्ह अप."

कर्म सर्वनाम असल्यास तें मध्येंच येतें: "गिव्ह इट अप", "गिव्ह अप इट" नव्हे. 'गिव्ह इन' मात्र निराळें. त्याचा अर्थ दुसऱ्याच्या आग्रहापुढें नमणें.

तंबाखू सोडणारा आणि शाळा सोडणारा, दोघांसही क्रियापद एकच. भेद आहे तो कर्माचा. पालकांस विनंति कीं, कठीण गणितापुढें मुलगा "आय गिव्ह अप" म्हणाला तर रागावूं नये. "बाळा, काय सोडलेंस? गणित कीं आळस?" एवढेंच विचारावें.

त्या मुलानें अर्ज पुन्हां लिहिला. त्यांत 'डिस्चार्ज्ड' हा योग्य शब्द होता. भावाजवळ राहण्यास दोन दिवसांची रजा मीं आनंदानें दिली.