पहिल्या मॅरेथॉनची तयारी : काही आरोग्यविषयक सूचना

वारूळवाडी-नारायणगाव परिसरातील रस्त्यांवर अलीकडे पहाटे धावणारी मंडळी बरीच दिसतात. त्यांत पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली आहेत, तसेच मधुमेहाची भीती वाटू लागलेले चाळिशीतील व्यापारी व शिक्षकही आहेत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली व मुंबईची २००४ साली सुरू झाली. तेव्हापासून ‘एकदा तरी पूर्ण मॅरेथॉन’ ही इच्छा शहरांतून आपल्या तालुक्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. ही इच्छा चांगलीच आहे. परंतु तिच्या मागोमाग आपल्या बाह्यरुग्ण विभागात दुखरे गुडघे, टाचा आणि नडग्याही येऊ लागल्या आहेत, म्हणून या वर्षीच्या अहवालात हा विषय घेतला आहे. आम्ही स्वतः डॉक्टर नाही. पुढील मजकूर रुग्णालयातील डॉक्टर सहकाऱ्यांशी चर्चा करून लिहिला आहे.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते प्रथम धावले गेले व १९२१ मध्ये कायम ठरले. आपल्या हिशेबाने सांगायचे तर नारायणगावहून जुन्नरला जाऊन परत यावे आणि पुन्हा जवळजवळ जुन्नर गाठावे, इतके ते आहे.

या अंतराशी मराठी मुलखाचे नाते जुने आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांची दौड पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि पुढील वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. हे वाचून कोणी उद्यापासून अनवाणी धावू लागू नये, एवढे मात्र सांगितले पाहिजे. त्या मंडळींचे पाय लहानपणापासून मातीत घडलेले होते. आपले पाय बुटांना सरावलेले आहेत.

मुख्य मुद्दा असा की शरीराचे सर्व भाग सारख्या गतीने तयार होत नाहीत. नियमित धावल्यास सहा-आठ आठवड्यांत दम वाढतो, नाडी संथ होते आणि ‘आता कितीही धावता येईल’ असे वाटू लागते. हाडांचे तसे नसते. वाढलेला भार पडला की हाडातील थकलेला भाग शरीर आधी काढून टाकते व नंतर तेथे नवे हाड भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्यास महिने लागतात. या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमजोर असते आणि नेमका त्याच वेळी आपला उत्साह सर्वांत जास्त असतो. स्नायुबंधांचीही गती अशीच मंद आहे.

आमच्याकडे आलेला एक तरुण या अनुभवातून गेला. रोजची पाच किलोमीटरची धाव त्याने तीन आठवड्यांत अठरावर नेली होती. नडगीत एका ठिकाणी बोट ठेवून ‘इथेच दुखते’ असे तो सांगत होता. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, म्हणून तो धावतच राहिला. सूक्ष्म अस्थिभंग सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. पुढे तो दिसला, तेव्हा पायाला प्लास्टर घालावे लागले आणि ज्या भरतीसाठी हा सारा खटाटोप होता ती हुकली. त्याच्या आईवडिलांचे चेहरे आमच्या अजून स्मरणात आहेत. एकाच बिंदूवर दुखणे, रात्रीही दुखणे किंवा लंगडत चालावे लागणे यांपैकी काहीही आढळल्यास धावणे त्याच दिवशी थांबवावे.

मग वाढ किती ठेवावी? आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा नियम पाळणारे आणि नेहमीच्या कार्यक्रमाने धावणारे असे नवखे धावपटू तपासले, तर दोन्ही गटांत सुमारे वीस टक्क्यांना दुखापत झाली. म्हणजे नियम टाकाऊ ठरतो असे नाही. आकड्यापेक्षा पायाचे ऐकावे, इतकाच त्याचा अर्थ. आळंदीहून पंढरीला निघालेला वारकरीही विसावे आणि मुक्काम ठरवूनच चालतो.

आमच्या मते पहिल्या पूर्ण मॅरेथॉनसाठी किमान एक वर्ष द्यावे. पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून चार दिवस अर्धा तास चालणे व धावणे आलटून-पालटून करावे. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. नंतर पाच, दहा व अर्धी मॅरेथॉन असा क्रम ठेवावा. अर्धी मॅरेथॉन सहज झाल्यावरच पुढचे चार-पाच महिने पूर्ण अंतरासाठी राखावेत. आठवड्यातून एकच लांब धाव घ्यावी, ती एक-दोन किलोमीटरने वाढवावी आणि दर चौथ्या आठवड्यास कमी करावी. तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे सरावात जाण्याची गरज नाही. शेवटचे दोन-तीन आठवडे धाव घटवत न्यावी. पुष्कळांना हेच सर्वांत अवघड जाते.

आरंभापूर्वी रक्तदाब, साखर व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. स्त्रियांनी हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्यावे. ते १२ च्या खाली असेल तर आधी उपचार घ्यावेत. चाळिशी ओलांडलेल्यांनी, धावताना छातीत दुखणाऱ्यांनी किंवा भोवळ येणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरात तरुणपणी अचानक मृत्यू झाला आहे त्यांनी हृदयतपासणीही करावी. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात अर्धी व पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांच्या पाहणीत ५९ जणांचे हृदय बंद पडले होते. प्रमाण अत्यल्प आहे, पण त्यांतील अनेकांच्या हृदयात आधीपासून दोष होता. तापात, तसेच डेंग्यू-चिकनगुनियानंतर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय धावू नये.

उन्हाविषयी आपल्याकडे निष्काळजीपणा फार आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला व त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. ही मुले दुबळी नव्हती. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. अति पिणेही घातक असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम कमी झाले होते आणि त्यात धावताना वजन वाढलेल्यांचा भरणा अधिक होता. लांब धावेच्या आधी व नंतर वजन करून पाहावे. लिंबू, मीठ, साखरेचे पाणी, केळे किंवा चिक्की पुरते. वेदनाशामक गोळी घेऊन मात्र धावू नये. शरीरातील पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडाला इजा करू शकते.

आपल्या भागापुरती आणखी एक सूचना. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, ते उगीच नव्हे. अंधारात उसाच्या कडेने एकट्याने धावू नये; उजाडल्यावर, दोघा-चौघांनी मिळून निघावे. पुणे-नाशिक महामार्गावर तर धावूच नये.

धावण्यामुळे झालेल्या तक्रारीसाठी रुग्णालयात येताना नेहमीचे झिजलेले बूट आणि कोणत्या दिवशी किती धावलो याची वही सोबत आणावी. डॉक्टरांना त्या दोन्हींतून निदानास मोठी मदत होते.