गवत, हरीण आणि वाघ
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथीसाठी पाठाची रूपरेषा)

उद्देश : वाघ-बिबट्याचे जीवन त्यांच्या बळावर नव्हे, तर गवत, पाणी आणि गवत खाणारे प्राणी यांवर अवलंबून असते, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे.

प्रस्तावना : किनवट-माहूर भागातील मुलांनी सागाचे व पळसाचे रान पाहिलेले असते. लातूर जिल्ह्यात मात्र वनाखालील क्षेत्र एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे तेथे माळावरील गवतापासून पाठास आरंभ करावा. प्रथम विचारावे : शेळी काय खाते? शेळीला कोण खातो? रानात शेळीच्या जागी कोण असते? चितळ, सांबर, रोही, काळवीट, रानडुक्कर ही नावे मुलेच सांगतील.

विवेचन : एक वाघ वर्षाकाठी सुमारे ५० मोठी जनावरे मारतो. कळपातील दहांपैकी एकच त्याच्या वाट्यास गेले, तर कळप टिकतो. अर्थात एका वाघामागे रानात सुमारे ५०० जनावरे हवीत. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा.

ही संख्या घटण्याची तीन कारणे सांगावीत. पहिले, चोरटी शिकार व फासे. दुसरे, गुरांची बेसुमार चराई. तीमुळे गवत संपते आणि लाळ्या-खुरकूतासारखे रोग रानातील जनावरांनाही जडतात. तिसरे, बदलते हवामान. पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडून वाहून जातो व मध्ये दीर्घ खंड पडतो. उन्हाळा तापतो, पाणवठे लवकर आटतात, वणवे पेटतात. २०१६ साली लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मुलांनी घरी ऐकले असेल. माणसाची ही स्थिती, तर चितळाने पाणी कोठून आणावे, असा प्रश्न करावा.

काळवीटावर जगणारा चित्ता शिकारीमुळे व माळराने मोडल्यामुळे नाहीसा झाला. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणून मध्यप्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. गेलेले परत आणणे किती कष्टाचे, हे यावरून कळते.

पैनगंगेपलीकडील टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण वाघ २०१९ साली तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२४ च्या अखेरीस तेथीलच दुसरा वाघ लातूरलगतच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात आला. स्वतःचा मुलूख शोधणे हा तरुण नराचा स्वभावच आहे. परंतु वाटेत हरीण मिळाले नाही, तर तो गोऱ्हा किंवा शेळी उचलतो. ज्याची शेळी गेली, त्या गरिबाचा संताप खोटा नव्हे. तथापि विष घातल्याने किंवा तारेत वीज सोडल्याने वाघ मरतो, आणि माणसांचेही प्राण जातात.

व्यवहारात उपयोग : तिन्हीसांजेस एकट्याने रानात किंवा उसाच्या फडात जाऊ नये. गुरे-शेळ्या बंदिस्त गोठ्यात बांधाव्यात. बिबट्या दिसल्यास पळू नये, दगड मारू नयेत. मोठ्यांस सांगून वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. जनावर मारले गेल्यास पंचनामा करून भरपाई मागता येते, हे मुलांनी घरी सांगावे.

स्वाध्याय : गावाजवळचा एक पाणवठा निवडून तो कोणत्या महिन्यात आटतो, याची नोंद वर्गाने दरवर्षी ठेवावी. शिक्षकांनी ती वही पुढील वर्गाच्या स्वाधीन करावी. पाच वर्षांच्या नोंदी मुलांसमोर असल्या, म्हणजे हवामानाचा पाठ त्यांस आपल्याच गावात वाचता येईल.