पासवर्ड फुटल्याची सूचना : दुरुस्तीला किती लागतात?

रेल्वेचं तिकीट काढायला किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला लॉगिन करावं आणि क्रोमने मध्येच चौकट पुढे करावी : तुमचा पासवर्ड डेटा चोरीत सापडला आहे, बदला. रुग्णालय, मेडिकल कॉलेज आणि स्टेशन असलेल्या सेवाग्रामात ऑनलाइन कामांना तोटा नाही, त्यामुळे ही चौकट बऱ्याच जणांच्या ओळखीची. ती दिसली की आधी वाटतं, मोबाइल हॅक झाला. मग प्रश्न येतो, दुरुस्तीला किती लागतील? मोबाइल बहुधा धडधाकट असतो आणि दुरुस्तीला एक रुपयाही लागत नाही.

फुटलेलं असतं ते एखाद्या कंपनीचं माहितीचं गोदाम. 2017 मध्ये झोमॅटोच्या सुमारे 1.7 कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेली, 2020 मध्ये बिगबास्केटच्या सुमारे 2 कोटींची. अशा याद्या हातोहात फिरतात आणि चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी इतर साइटवर लावून पाहतात. गूगलने अशा याद्यांशी ताडून पाहण्याची सोय डिसेंबर 2019 मध्ये क्रोममध्येच घातली. त्यासाठी तुमचा पासवर्ड जसाच्या तसा गूगलकडे जात नाही, सांकेतिक रूपात ताडला जातो. घरच्या वायफायच्या राउटरवर ‘ॲडमिन’ नाव आणि तसलाच पासवर्ड ठेवला असेल, तर तिथेही ही चौकट दिसू शकते, कारण तीच जोडी जगात कुणाचीही फुटलेली असू शकते. तरी बदलाच.

आता खरी चौकट आणि खोटी चौकट. खरी सूचना फक्त पासवर्ड बदला म्हणते. ती फोन नंबर देत नाही, पैसे मागत नाही, ॲप टाकायला लावत नाही. ‘व्हायरस सापडला, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं ओरडणारी खिडकी सरळ बंद करावी.

बदलायला कुठून सुरुवात करावी? ईमेलपासून. ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथेच येते, म्हणून ईमेल गेला की बाकीची खाती उघडीच. मग बँक, मग रेल्वे आणि सरकारी पोर्टल. कधीकाळी एकदाच काही मागवलेल्या दुकानाचं खातं सरळ बंद करून टाकावं. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधली तपासणी कोणते पासवर्ड फुटले आणि कोणते दोन-तीन ठिकाणी तेच आहेत, हे फुकट दाखवते.

नवा पासवर्ड मात्र नवाच हवा. ऑनलाइन अर्ज भरून देणारे दुकानदार घाईत बहुतेकांना ‘नाव@123’ देतात आणि घरातल्या चौघांचे चार अर्ज त्याच सूत्रावर चालतात. चार असंबद्ध शब्द इंग्रजी अक्षरांत लांबलचक जोडावेत : कापूस, रेंगी, परात, धाम, असे. (हे आता छापून आले, तेव्हा हेच वापरू नका.) आठवत नसतील तर वहीत लिहा. घरातल्या कपाटातली वही ही वयस्कर माणसांसाठी वाईट सोय नाही. त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘सेव्ह करू?’ला ‘नाही’ म्हणायचं आणि उठण्याआधी लॉगआउट करायचं. दुकानदाराने बसल्या वेळेचे पैसे घेतले तर समजू शकतं, पण ‘पासवर्ड दुरुस्ती’ नावाचं शुल्क कुठेच नसतं.

ओटीपीची दुहेरी पडताळणीही मोफत आहे. खर्च येतो तो नंबर चालू ठेवण्याच्या रिचार्जचा, आणि तो टाळू नये. बंद पडलेला नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, मग तुमचा ओटीपीही त्याच्याकडे. लॉगिनच्या पडताळणीसाठी मिळणारी काही हजारांची सुरक्षा-किल्ली साध्या घराला लागत नाही.

खात्यातून पैसेच गेले असतील, तर एक-एक दिवस पैशांत मोजला जातो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा तुमची नसून तिसरीकडची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भुर्दंड नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लावलेत, तर नेहमीच्या बचत खात्यावर तो 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पासवर्ड किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून आधी बँकेला फोन करा, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत.