घर आणि अभ्यास

मुलांनो, घाटकोपरच्या डोंगरावरील चाळ असो की अंधेरीची झोपडपट्टी, पुष्कळ घरांत एकच खोली असते. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणे आणि तिथेच अभ्यास! नळाला पाणी आले की मोठ्या मुलीला वही मिटून हंडा उचलावा लागतो. तिला गुण कमी मिळाले, तर लगेच 'ढ' म्हणणे बरे नव्हे.

पोट रिकामे असले तर फळ्यावरचे काय समजणार? म्हणूनच २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. जेवण शाळा देऊ शकते. घरातील शांतता मात्र घरच्यांनाच जपावी लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लहानपण पाहा. त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. खोलीत गर्दी आणि चुलीचा धूर. म्हणून भीमराव लवकर झोपत. वडील रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत आणि स्वतः झोपत. पुस्तकासाठी पैसे नसले, तर ते विवाहित मुलीचा दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत आणि पेन्शन मिळाल्यावर सोडवून परत करीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.