एचआयव्हीबाधितांसाठी देणगी: गोळी मोफत, वाटखर्च नाही

कुणी 'एचआयव्हीच्या औषधांसाठी' देणगी मागायला आलं, तर पाकीट काढण्याआधी एक प्रश्न विचारा. ही औषधं सरकारी एआरटी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात. पहिली औषधं लागू पडेनाशी झाली की पुढच्या टप्प्याची महागडी औषधंही मोफतच, आणि व्हायरल लोडची तपासणीही. मग पैसे लागतात कुठे? गोळीपर्यंत पोचायला आणि ती पचवायला.

आडगावातल्या एका शेतमजूर बाईचा हिशेब मांडून पाहू. तिचं केंद्र जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये आहे. फाट्यापर्यंत वडापची जीप, पुढे एसटीचं बायकांसाठीचं अर्धं तिकीट, स्टँडवरून रिक्षा, तसंच परत. दीडशे-दोनशे रुपये असेच जातात. त्यात बुडालेली मजुरी तीनशेच्या आसपास. म्हणजे एक खेप पाचशेची. तब्येत स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, पण उपचार नुकते सुरू झाले असतील किंवा जोडीला टीबी असेल तर खेपा वाढतात. एचआयव्हीबाधितांना एसटीत सवलत आहे. पण त्यासाठी कंडक्टरला कागद दाखवायचा, आणि कंडक्टर निघायचा शेजारच्या गावचा! त्यापेक्षा तिकीट काढलेलं बरं, असं वाटणाऱ्याला आपण काय म्हणणार?

दुसरा खर्च खाण्याचा. महिन्याला दोन किलो तूरडाळ, किलोभर शेंगदाणे, तीस अंडी, किलोभर गूळ आणि लिटरभर तेल धरलं, तर किराणा दुकानात आठशे-नऊशे रुपये होतात. म्हणून महिन्याला दीड हजार दिलेत, तर एका माणसाचा पूरक आहार आणि केंद्राची एक खेप सुटते. एकरकमी अठरा हजारांपेक्षा दरमहा दीड हजार बरे. डाळ दर महिन्यालाच संपते.

सरकारी मदत आहे, पण ती मिळवून द्यावी लागते. संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात आणि त्यात एचआयव्हीबाधितही बसतात. उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१,००० रुपयांची, म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचा दाखला, तहसीलच्या चकरा हे सगळं आजारी माणसाला एकट्यानं झेपत नाही. तिथे संस्थेची कार्यकर्ती सोबत जाते. तिचा पगार 'प्रशासकीय खर्चा'त धरला जातो आणि देणगीदार नाक मुरडतात. माझ्या मते पैसे द्यावेत तर आधी तिच्या पगाराला. तिनं वर्षभरात दहा फायली मंजूर करून आणल्या, तर त्या घरांत दरसाल एक लाख ऐंशी हजार रुपये येऊ लागतात.

मुलांच्या निवासी संस्थांचं गणित वेगळं आहे. पंढरपूरची 'पालवी' किंवा लातूर जिल्ह्यातल्या हासेगावचं 'सेवालय' इथे एचआयव्हीसह वाढणारी मुलं राहतात. वाढदिवसाचा केक घेऊन अशा संस्थांत जायची हौस हल्ली फार. केक एक संध्याकाळ पुरतो; वीजबिल, गॅस, शाळेची फी आणि दवाखान्याच्या गाडीचं डिझेल दर महिन्याला दारात उभं असतं. वस्तूच द्यायच्या असतील तर आधी फोन करून काय संपलंय ते विचारा. आणि मुलांबरोबर फोटो मागू नका. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यानं बंदी आहे. मोठ्यांच्या बाबतीतही २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं गोपनीयतेचं संरक्षण दिलेलं आहे. जी संस्था देणगीदाराला बाधितांची नावं, चेहरे सहज दाखवते, तिला मी पैसे देणार नाही.

आता पावती. संस्थेकडे ८०जी असेल, तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर करसवलत मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेत तर सवलत नाही, धान्य-कपड्यांवर तर नाहीच. परदेशी राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकानं बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी आणि रक्कम तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच जायला हवी. असे पैसे 'माझ्या खात्यातून देतो' म्हणून फिरवू नका, संस्थेची नोंदणी त्यात धोक्यात येते.