गुणगुणीचा उगम आणि तिचे निवारण

ध्वनिमुद्रिका संपते, सुई उचलली जाते आणि खोलीत शांतता पसरण्याऐवजी खर्जातील एक अखंड गुणगुण ऐकू येऊ लागते. पुष्कळजण तिला यंत्राचा स्वभाव समजून सोडून देतात. वास्तविक ही गुणगुण स्वतःच्या उगमाची साक्ष देत असते. ती नीट ऐकली, तर एकही स्क्रू न काढता दोषाचे मूळ बहुधा सापडते.

भारतात घरोघरी येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत बदलणारी असते. तिची कंप्रता सेकंदास ५० आवर्तने एवढी असते. अशा विजेच्या तारेशेजारून संकेत वाहणारी तार गेली, की तिच्यात प्रवर्तनाने ५० आवर्तनांचा क्षीण स्वर शिरतो. सुईकडून येणारा संकेत मुळात अवघा काही मिलिव्होल्टचा असतो. विवर्धक तो अनेक पटींनी वाढवतो, आणि त्याबरोबर हा आगंतुक स्वरही वाढतो.

विवर्धकाच्या आत ही वीज एकदिश केली जाते. तेथे आवर्तनाचे दोन्ही अर्धभाग वापरले जात असल्याने शिल्लक राहणारा चढउतार सेकंदास १०० वेळा होतो. तो पुसून टाकण्याचे काम धारित्रे करतात. ती जुनी होऊन निकामी झाली, म्हणजे वरच्या सप्तकातील हा स्वर ऐकू येतो.

आता परीक्षा कशी करावी ते पाहू. आवाजाची कळ पूर्णपणे उतरवावी. गुणगुण तशीच राहिली, तर दोष बहुधा विवर्धकातच आहे. कळीबरोबर ती कमीजास्त होत असेल, तर ती संकेताच्या वाटेने येत आहे. अशा वेळी विवर्धक बंद करून जोडलेल्या उपकरणांपैकी एकेकाची तार काढावी आणि प्रत्येक वेळी पुन्हा ऐकावे. ज्या उपकरणाची तार काढताच गुणगुण थांबते, तेथे शोध घ्यावा. संकेताची तार विजेच्या तारेपासून दूर न्यावी. दोन्ही एकमेकींना ओलांडणे अपरिहार्य असेल, तर ती काटकोनात ओलांडावीत.

पुष्कळदा कारण निराळेच असते. दोन उपकरणे भिंतीवरील दोन वेगवेगळ्या ठिकाणी भूयोजित, म्हणजे ‘अर्थिंग’ला जोडलेली असतात आणि संकेताच्या तारेचे धातूचे वेष्टनही त्यांना एकमेकांशी जोडते. अशा रीतीने एक बंद वळसा तयार होतो. दोन ठिकाणच्या विद्युत्पातळीत थोडासा जरी फरक असला, तरी त्या वेष्टनातून प्रवाह वाहू लागतो आणि तो संकेतात मिसळतो. यावरील सोपा उपाय म्हणजे सर्व उपकरणांना एकाच फलकावरून वीज देणे. तेवढ्याने भागले नाही, तर संकेताच्या मार्गात विलगक रोहित्र बसवावे.

याच ठिकाणी एक घातक मोह होतो. प्लगची तिसरी पिन काढून टाकली, की वळसा तुटतो व गुणगुण थांबते. परंतु त्याबरोबर संरक्षणही नाहीसे होते. आतील विजेची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर भूयोजनाच्या तारेतून मोठा प्रवाह वाहून फ्यूज वितळतो आणि वीज तुटते. ही तार नसेल, तर पेटीत वीज उतरलेलीच राहते आणि तिला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे वाट शोधते. म्हणून ही पिन कधीही काढू नये. विवर्धकाची पेटीही स्वतः उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही धारित्रांत भार साठून राहतो. ते काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे.